वाचकांचे प्रश्न : रोजच्या दिवसातली लहान सुखे

रोजच्या जगण्यातल्या कोणत्या साध्या गोष्टींनी आपले मन प्रसन्न होते, असे या सदरातून वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांत आल्याचा चहा आहे, उन्हात वाळलेल्या चादरीचा वास आहे, एसटीत खिडकीशी मिळालेली जागा आहे आणि मंडईत कोवळी मेथी दिसल्याचा आनंदही आहे. याद्या वाचनीय आहेत; परंतु बऱ्याच पत्रलेखकांनी यादी संपल्यावर खाली एखादी शंका जोडली आहे, आणि ती यादीपेक्षा अधिक मोलाची वाटली. म्हणून या वेळी शंकांनाच जागा दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो त्याला आता वर्ष होईल. नोकरीत असताना रविवारी सकाळी अंगणात बसून सावकाश चहा घ्यावा आणि रेडिओवर जुनी गाणी ऐकावीत, एवढ्यासाठी मी आठवडाभर वाट पाहत असे. आता रोजच रविवार आहे. चहा तोच, अंगण तेच, रेडिओही तोच. पण पूर्वीची गोडी राहिलेली नाही. हा वयाचा परिणाम समजावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वयाला दोष देण्याचे कारण नाही. जे रोज आणि हवे तेव्हा मिळते त्याची मनाला सवय होते, आणि सवयीच्या गोष्टीची दखल घेणे मन हळूहळू सोडून देते. हे पंचविशीतही घडते आणि पंचाहत्तरीतही. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये हा विचार मांडला. पुढे १९७८ मध्ये ब्रिकमन यांनी दोन सहकाऱ्यांसह इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम मिळालेल्या २२ जणांना गाठले आणि त्याच भागात राहणाऱ्या, पण लॉटरी न लागलेल्या २२ जणांनाही तेच प्रश्न विचारले. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा चांगला विनोद, कुणी केलेले कौतुक, मासिक वाचणे अशा गोष्टींतून आपल्याला किती सुख मिळते, असा त्यांतला एक भाग होता. लॉटरी लागलेल्यांनी या साध्या सुखांना इतरांपेक्षा कमी गुण दिले. इतक्या लहान गटावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे खरे. तरीही मोठ्या सुखाच्या शेजारी लहान सुखे फिकी पडतात ही गोष्ट आपल्या अनुभवाशी जुळणारी आहे. (मासिक वाचण्याचा त्या यादीत समावेश होता, याचा आम्हाला थोडा धंदेवाईक आनंद आहे.)

निवृत्तीने आपल्याला सकाळ दिली आणि सकाळची वाट पाहणे काढून घेतले. त्या रविवारच्या चहातला निम्मा आनंद सोमवार ते शनिवार वाटून आलेला होता. नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार लोकांचा अभ्यास करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की सहलीला जाणारे लोक सहलीच्या आधी इतरांपेक्षा अधिक आनंदी होते. परत आल्यावर मात्र, सहल अगदी निवांत झाली असेल तेवढे सोडल्यास, त्यांच्यात आणि घरी राहिलेल्यांत फरक उरला नाही. आपल्या रेडिओचेही असेच झाले असावे. विविध भारती १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली तेव्हापासून कित्येक वर्षे गाण्याची एक वेळ असे. ती चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागे. आज कुठलेही गाणे कुठल्याही क्षणी खिशातून निघते, आणि म्हणूनच ते संपूर्ण ऐकण्याआधी पुढचे लावले जाते.

यावरचा उपाय म्हणजे मध्ये खंड पाडणे. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की सुखद मालिश चालू असताना मध्येच थोडी विश्रांती दिली तर एकूण सुख वाढते. गंमत अशी की ‘खंड हवा का’ असे आधी विचारले असता लोकांचा कल अखंड मालिशकडेच होता. जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये काही जणांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला सांगितले आणि काहींना हवे तेवढे खायला दिले. आठवड्यानंतर पुन्हा चॉकलेट दिले तेव्हा वर्ज्य करणाऱ्यांना ते अधिक आवडले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यासाठी चॉकलेटपर्यंत जाण्याची गरज नाही. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी न खाणारी घरे आजही आहेत. त्या घरांत आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे आषाढी एकादशीच्या दोनच दिवस आधी, कांदेनवमी होते आणि भजी, थालीपीठ, झुणका अशा सर्व रूपांनी कांद्याचा निरोप घेतला जातो. मग थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यासाठी वांग्याचे भरीत आणि रोडगा होतो. पाच महिन्यांनी चुलीवर वांगे भाजल्याचा वास घरात पसरतो तेव्हा त्या वांग्याला जी किंमत असते ती भाजीवाल्याने लावलेली नसते. हा नियम धार्मिक आहे आणि तो सुख वाढवण्यासाठीच केला गेला असा दावा करण्याचे कारण नाही, परंतु त्याचा परिणाम तसा होतो, यात शंका नाही. हुरड्याचेही तेच. कोवळी ज्वारी थंडीतले थोडेच दिवस मिळते, म्हणून आगटीभोवती बसून हात पोळत खाल्लेला हुरडा वर्षभर लक्षात राहतो. हापूस बारा महिने पिकला असता तर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घरात पेटी आल्याचा जो आरडाओरडा होतो, तो झाला नसता.

तेव्हा चहा रोज घ्यावा, परंतु अंगणातला चहा पुन्हा ठरावीक वारांसाठी राखून ठेवावा. इतर दिवशी तो स्वयंपाकघरात उभ्यानेच घ्यावा, आणि शक्य असल्यास त्या सकाळी काहीतरी काम अंगावर घ्यावे. रेडिओ दिवसभर मागे वाजत ठेवू नये. एक कार्यक्रम निवडावा आणि तो संपला की बंद करावा. पहिले काही दिवस हे कृत्रिम वाटेल.

प्रश्न : मी पहाटे साडेचारला उठते, चौघांचे डबे करते, लोकलने मुंबईला जाते आणि रात्री आठनंतर घरी पोहोचते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘स्वतःसाठी रोज एक तास काढा, सुगंधी मेणबत्ती लावून शांतपणे स्नान करा’ असे लेख असतात. आमच्या नळाला पाणीच पाऊण तास येते. आमच्यासारख्यांच्या वाट्याला लहान सुखे असतात का, की तीही सवड असलेल्यांसाठीच आहेत?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : आपला राग रास्त आहे. ज्या सुखासाठी एक तास, बंद दार आणि भरपूर पाणी लागते, त्याला लहान म्हणणे हीच मुळात फसवणूक आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चौघांचे डबे एकटीने भरणे ही कामाच्या वाटणीतली अडचण आहे, आणि तिच्यावरचा इलाज वाटणी बदलणे हाच आहे. मन प्रसन्न ठेवण्याचे सल्ले देऊन ती अडचण झाकणे आम्हाला मान्य नाही. चौघांपैकी ज्यांना डब्याचे झाकण लावता येते त्यांना पोळी लाटायलाही शिकता येते.

आता सुखाविषयी. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये असे मांडले की माणूस एकंदरीत सुखी आहे की नाही, हे त्याला मिळालेल्या सुखांच्या तीव्रतेपेक्षा त्यांच्या वारंवारतेवर अधिक अवलंबून असते. वर्षातून एकदा झालेल्या मोठ्या सहलीपेक्षा दिवसातून अनेकदा मिळणारा थोडा थोडा आनंद जास्त कामाचा ठरतो. असे क्षण आपल्या दिवसात आत्ताही असणार. फक्त त्या वेळी मन दुसरीकडे असते. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये सुमारे सव्वादोन हजार लोकांना फोनद्वारे दिवसात कोणत्याही वेळी विचारले की या क्षणी तुम्ही काय करीत आहात आणि मनात काय चालू आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचे मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भरकटलेले असताना ते एकूण कमी आनंदी होते. फोडणीत मोहरी तडतडते आणि हिंगाचा वास उठतो त्या क्षणी आपण बहुधा गाडीच्या वेळेचा हिशेब करीत असता. तो हिशेब टाळता येणार नाही. परंतु हिंग पडतो तेवढ्यापुरता तो थांबवता येतो.

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या एका लहान प्रयोगाची येथे आठवण होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावली. त्यांपैकी निम्म्यांना आधी एक उतारा वाचायला दिला होता, ज्यात साबणाचा वास, पाण्याची ऊब आणि हाताला लागणारे भांडे यांकडे लक्ष देण्यास सांगितले होते. या गटाची अस्वस्थता सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाली. इतरांमध्ये असा फरक पडला नाही. हे वाचून घरातल्या मंडळींनी भांडी आपल्याच वाट्याला ठेवावीत असा अर्थ कृपया काढू नये.

लोकलच्या प्रवासाबद्दल आपण काहीच लिहिले नाही, त्यावरून तो सुखाचा नसावा. डॅनियल कानेमन यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाची तपशीलवार नोंद करून घेतली होती, तेव्हा कामावर जाण्याचा प्रवास सुखाच्या दृष्टीने अगदी तळाशी आणि माणसांत मिसळण्याचा वेळ वरच्या स्थानांवर आला. शिकागोच्या उपनगरी गाड्यांत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी पुढे एक गंमत केली : काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले आणि काहींना एकटे गप्प बसायला सांगितले. बोलण्याचा प्रवास नकोसा होईल असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला. हे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. मुंबईच्या लेडीज डब्याला ते कुणी सांगायला नको. तिथे गवार निवडली जाते, दसऱ्याला डबा सजतो, संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो, आणि एखादी रोजची मैत्रीण दोन दिवस दिसली नाही तर चौकशी होते. गर्दीत श्वास घ्यायला जागा नसताना गप्पांचा सल्ला देणे क्रूर आहे, हे आम्ही जाणतो. परंतु रोज एकाच गाडीला, एकाच दाराशी भेटणारी माणसे असतील तर त्यांच्या नावांची तरी ओळख असावी.

स्टेशनबाहेर मोगऱ्याचा गजरा मिळत असेल तर एक बारीकशी सूचना. वेणीत माळलेल्या गजऱ्याच्या वासाची आपल्या नाकाला काही मिनिटांतच सवय होते. तो वास मग शेजारणीला येत राहतो, आपल्याला येत नाही. दोन-चार फुले रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवावीत आणि अधूनमधून उघडून हुंगावीत.

प्रश्न : मी वाफाळता चहा, पावसातला रस्ता, मित्रांबरोबरची मिसळ अशा सगळ्याचे फोटो काढतो आणि लगेच टाकतो. माझी बहीण म्हणते की फोटोच्या नादात मी मजाच घेत नाही. तिचे खरे आहे का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अर्धे खरे आहे. क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या प्रयोगांत फोटो काढणारे लोक त्या अनुभवात अधिक गुंतले आणि त्यांना तो अधिक आवडला, कारण फोटो काढायचा म्हटले की निरखून पाहावे लागते. परंतु त्याच गटाने २०१८ मध्ये असेही दाखवले की फोटो इतरांना दाखवण्यासाठी काढला जात असेल तर आनंद कमी होतो. माणूस मिसळ पाहण्याऐवजी मिसळ पाहणारे लोक काय म्हणतील हे पाहू लागतो. फोटो जरूर काढावा. तो संध्याकाळी टाकावा. तर्री तोवर गार होईल, म्हणून आधी खाऊन घ्यावे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पहिल्या पावसानंतर मातीचा वास आला की वर्गातली मुलेच काय, मीही खिडकीशी जातो. या वासाने मन उल्हसित होते त्यामागे काही शास्त्र आहे, की हा केवळ कवींचा लळा आहे?
— एक शिक्षक, वर्धा

उत्तर : वासाचे शास्त्र बरेच उलगडले आहे, उल्हासाचे तितके नाही. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या वासावर लेख लिहिला आणि त्याला पेट्रिकोर असे नाव दिले. कोरड्या, तापलेल्या दिवसांत खडकांवर आणि मातीच्या कणांवर तेलकट द्रव्ये साठत जातात आणि ओल मिळाली की ती हवेत येतात, असे त्यांचे म्हणणे होते. याच्या जोडीला जिओस्मिन नावाचे द्रव्य असते. ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तयार करतात. आपले नाक या द्रव्याबाबत विलक्षण तीक्ष्ण आहे : एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे दहाच्या आसपास भाग असले तरी अनेकांना ते जाणवते. थेंब पडल्यावर वास इतक्या लवकर कसा पसरतो हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१५ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले. सच्छिद्र जमिनीवर थेंब आदळला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. हलक्या आणि मध्यम सरींत हे तुषार जास्त उडतात, मुसळधार पावसात कमी. म्हणूनच पहिल्या शिडकाव्याचा वास येतो तसा श्रावणातल्या झडीचा येत नाही; शिवाय तोवर जमीन भिजून गेलेली असते.

कनोजचे अत्तरवाले हे काम शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून करीत आले आहेत. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये पाण्यासह तापवायचे आणि निघणारी वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची, ही मिट्टी अत्तराची रीत. बेअर आणि थॉमस यांच्या लेखातही उत्तर प्रदेशातल्या या धंद्याची नोंद आहे. वर्गात सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट अशी की २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार स्प्रिंगटेल नावाचे मातीतले चिमुकले जीव या वासाकडे ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू दूरवर पसरवतात. वास आपल्यासाठी निर्माण झालेला नाही, हे मुलांना कळले तर बरेच.

मग मन का उल्हसित होते? वासाचा संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा सरळ मार्गाने पोहोचतो, त्यामुळे जुन्या आठवणी वासाबरोबर एकदम जाग्या होतात, हे एक कारण असावे. पण केवळ जिओस्मिनमुळे आनंद होतो असे म्हणता येणार नाही, कारण हेच द्रव्य नळाच्या पाण्यात उतरले की आपण पाणी मातकट म्हणून ओतून देतो, आणि बीट न आवडणाऱ्यांची तक्रारही याच वासाबद्दल असते. विदर्भात नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सोसलेल्या माणसाला हा वास येतो तेव्हा पारा उतरणार आहे, पेरणी जवळ आली आहे, शाळा सुरू होणार आहेत, असे बरेच काही त्याला एकदम कळते. ज्याचे छप्पर गळते त्याला त्याच वासाने धसका बसतो. कवी याबाबत फारसे चुकलेले नाहीत; त्यांनी फक्त गळक्या छपराचा उल्लेख कमी केला.

प्रश्न : लग्नानंतर मी एडिनबरोला आले. पुण्यात दाराशी पारिजातकाचा सडा असायचा. इथे डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो आणि मन मलूल होते. पुण्यातली लहान सुखे इथे कशी निर्माण करावीत?
— एक वाचिका, एडिनबरो

उत्तर : मलूलपणाचा मोठा भाग उजेडाशी निगडित असू शकतो. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या या औदासीन्याचे वर्णन केले आणि तेजस्वी प्रकाशाने ते कमी होते हेही दाखवले. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या मेंदूला दिवस आणि रात्र यांची खबर देतात, आणि त्यांना घरातला दिवा पुरत नाही. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. तेव्हा सकाळी नऊनंतर किंवा दुपारच्या सुट्टीत बाहेर पडावे, पाऊस नसेल तर चालून यावे. मलूलपणा प्रत्येक हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर डॉक्टरांना विचारून १०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) दिवा वापरता येतो. डोळ्यांचा विकार असल्यास किंवा मनःस्थितीत टोकाचे चढउतार होत असल्यास तो स्वतःच्या मनाने घेऊ नये.

दुसरा सल्ला कदाचित आवडणार नाही. पुण्याची नक्कल करू नये. फोडणीचा वास तिथेही तोच येतो, तो जरूर घ्यावा. परंतु जे तिथे उगवतच नाही त्याच्या अभावाची रोज मोजदाद केल्याने दिवस आणखी लहान होतो. त्या शहराच्या वनस्पती उद्यानाची सुरुवात १६७० मध्ये झाली आणि त्याच्या बागेत फिरायला पैसे पडत नाहीत. तांबड्या छातीचा रॉबिन तिथल्या कडाक्याच्या थंडीतही गातो, पुष्कळदा अंधारात, रस्त्यावरच्या दिव्याखाली. त्या दिवसांत नराप्रमाणे मादीही गाते, आपापली हद्द राखण्यासाठी. पारिजातक पुण्यात फुलतच राहील. सुट्टीत आलात की सडा वेचा.

प्रश्न : माझ्या यजमानांना रविवारी स्वतः मंडईत जाऊन भाजी आणण्याची आणि संध्याकाळी पेटी वाजवण्याची हौस. गेला दीड महिना त्यांनी दोन्ही सोडले आहे. मी आवडीचा खरवस केला, मुलीने त्यांच्या मित्रांना बोलावले. ते हसतात, पण मनापासून नाही. रात्री तीनला जागे होतात. लहान लहान गोष्टींत आनंद मानायला त्यांना कसे शिकवावे?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : त्यांना शिकवण्याची गरज नाही, तपासण्याची आहे. पूर्वी ज्यात गोडी होती त्यात ती वाटेनाशी होणे, आणि ही स्थिती दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणे, हे नैराश्य या आजाराचे एक मुख्य लक्षण आहे. पहाटे लवकर जाग येणे हेही त्याच्या जोडीला दिसते. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा एखादे चालू औषध यांमुळेही असे होऊ शकते, म्हणून प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि त्यांच्या सल्ल्याने मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. हे या आठवड्यातच करावे. भारत सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे काही ते बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नये, त्यांना थेट आणि शांतपणे विचारावे आणि एकटे ठेवू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात भरला जातो, ही समजूत खोटी आहे.

उपचार सुरू झाल्यावर लहान गोष्टींचा उपयोग होतो, पण आपण करीत आहात त्याहून निराळ्या रीतीने. ऑरेगन विद्यापीठात पीटर लुइनसन यांनी १९७० च्या दशकात डग्लस मॅकफिलमी यांच्यासह आनंददायी कृतींची ३२० कलमांची एक यादी तयार केली, आणि नैराश्यातल्या माणसाने इच्छा होण्याची वाट न पाहता त्यांतल्या जमतील तेवढ्या कृती ठरवून कराव्यात, असा उपचार विकसित केला. आधी कृती होते, गोडी मागाहून आणि फार सावकाश येते. म्हणून ‘पेटी वाजवा म्हणजे बरे वाटेल’ असे म्हणू नये, कारण वाजवून बरे वाटले नाही तर अपयशाची भर पडते. ‘मी मंडईत निघाले आहे, पिशवी धरायला चला’ एवढेच म्हणावे. परत आल्यावर ‘बरे वाटले ना?’ असे विचारू नये. आणि खरवस खाऊन ते हसले नाहीत यात आपल्या हाताचा काहीही दोष नाही.

प्रश्न : वडील ८६ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. सर्व सोयी आहेत, त्यांना कोणतेही काम करू देत नाही. तरी कंटाळलेले असतात. त्यांच्यासाठी कोणती लहान सुखे योजावीत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ‘कोणतेही काम करू देत नाही’ हे आपण सोय म्हणून लिहिले आहे, पण अडचण नेमकी तिथेच असावी. एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका वृद्धनिवासातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले की आपल्या खोलीची मांडणी, सिनेमाचा वार अशा गोष्टी तुम्हीच ठरवा. त्यांना एक रोप दिले आणि त्याची काळजी त्यांच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावर सेवकांनी सर्व काही प्रेमाने केले, रोपाला पाणीही त्यांनीच घातले. तीन आठवड्यांनी, स्वतः निर्णय घेणाऱ्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि आनंदी दिसली. वडिलांना बसल्या जागी मेथी निवडता येईल, शेंगा सोलता येतील, दुधाचा आणि वर्तमानपत्राचा हिशेब ठेवता येईल. मेथीत दोन काड्या राहिल्या तर राहू द्याव्यात. आज आमटी की कढी, हे त्यांना विचारावे, आणि त्यांनी कढी म्हटल्यावर आमटी करू नये.

नातवंडांच्या भेटीविषयी रिचर्ड शुल्झ यांचा त्याच वर्षीचा एक अभ्यास उपयोगी आहे. वृद्धांना महाविद्यालयीन विद्यार्थी भेटायला जात. कधी येणार हे ज्यांना आधी माहीत असे, किंवा ज्यांना ते स्वतः ठरवता येई, त्यांना अवचित भेटींपेक्षा अधिक लाभ झाला. परंतु पुढच्या पाहणीत आढळले की भेटी बंद पडल्यावर याच लोकांची प्रकृती आणि उमेद अधिक खालावली. तेव्हा नातवाला दर बुधवारी संध्याकाळी आजोबांशी पत्ते खेळायला बसवायचे असेल तर आधी त्याच्या परीक्षांचे वेळापत्रक पाहावे, जमेल एवढाच वार ठरवावा, आणि ज्या बुधवारी जमणार नाही ते मंगळवारीच त्याने स्वतः आजोबांना सांगावे.